शिळेची साक्ष

आमच्या देव्हाऱ्यांत एक शाळिग्राम आहे. तो घरांत कोणीं आणिला, हें आज कोणासच सांगतां येत नाहीं; गंडकीचा म्हणून तो पूजेस लागला, एवढी परंपरा आम्हांस पुरते. भूगर्भशास्त्रज्ञास त्याच शिळेंत कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या समुद्रांतील अमोनाइट नांवाच्या प्राण्याचा ठसा दिसतो. परंतु ती शिळा कोणत्या डोंगराच्या कोणत्या थरांतून निघाली, हें न कळल्यास त्याच्या लेखीं ती नुसती शोभेची वस्तु. जीवाश्म मुका असतो. त्याला वाचा देते ती त्याजवर चिकटविलेली स्थळाची चिठ्ठी.

ही चिठ्ठीच खोटी निघाली तर काय होतें, तें आपल्याच देशांत घडलें आहे.

चंडीगड येथील पंजाब विद्यापीठांतले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनीं हिमालयांतील जीवाश्मांवर तीनशेंहून अधिक निबंध प्रसिद्ध केले. १९८७ सालीं कॅनडांतील कॅल्गरी येथें भरलेल्या परिषदेंत ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी विद्यापीठाचे जॉन टॅलंट यांनीं त्या संशोधनाविषयीं उघड शंका घेतली, आणि १९८९ मध्यें 'नेचर' या साप्ताहिकांत सविस्तर लेख लिहिला. हिमालयांतील म्हणून दाखविलेले कोनोडोंट, म्हणजे मोहरीएवढे दांतासारखे अवशेष, न्यूयॉर्क संस्थानांतील ॲम्सडेल नांवाच्या ओढ्याकांठच्या प्रसिद्ध अवशेषांशीं तंतोतंत जुळत होते. कांहीं वेटोळ्या जीवाश्मांचें माहेर मोरोक्को असावें असें दिसत होतें. तसले जीवाश्म तर दुकानांत विकत मिळतात! एकच नमुना निरनिराळ्या स्थळांच्या नांवानें छापल्याचाही आरोप होता. गुप्तांनीं आरोप नाकारले. पुढें विद्यापीठानें चौकशी करविली, तींत ते दोषी ठरले. तरी त्यांची जागा गेली नाहीं. या सौम्यपणाचें आम्हांस फार नवल वाटतें. परीक्षेंत नक्कल करणाऱ्या पोराचें वर्ष बुडविणाऱ्या विद्यापीठांनीं गुरुजनांना मात्र वेगळें माप लावावें, हें आम्हांस पटत नाहीं.

मात्र या प्रकरणांत आमचें मन अधिक रेंगाळतें तें सहलेखकांपाशीं. त्यांची संख्या शंभराहून अधिक होती, आणि त्यांत देशोदेशींचे नामांकित पंडित होते. त्यांच्याकडे टपालानें नमुने येत. ते प्राण्याची जात ओळखून देत, आणि निबंधावर दोघांचीं नांवें पडत. जात त्यांनीं प्रामाणिकपणें ओळखिली होती. पण नमुना सांपडल्याचा डोंगर त्यांतील कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. सरहद्दीजवळचा दुर्गम मुलूख, परकीयांस सहसा परवानगी न मिळणारा. पाहणार तरी कसे? तथापि सही करणारा साक्षीदार असतो. न पाहिलेल्या शेताच्या खरेदीखतावर आपल्या घरांतील वडीलधारी माणसें अशी सही करतील काय? विश्वासानें केली, असें म्हणतां येईल. पण आपला विश्वास वाचणाऱ्यानें ज्ञान म्हणून घेतला, हें विसरून चालत नाहीं.

याच्या उलट एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गुप्तांच्या विभागांतील एक सहकारी, ज्यांचें नांव त्यांच्याबरोबर निबंधांवर येत असे, त्यांनीं पुढें स्वतःच उघडपणें या संशोधनाविरुद्ध लिहिलें. रोज एकाच इमारतींत बसावयाचें, एकाच विद्यार्थ्यांसमोर उभें राहावयाचें, आणि आपलेंही नांव जेथें आहे तें खोटें म्हणावयाचें! दूरच्या परिषदेंत बोलण्यापेक्षां हें कठीण. टॅलंट यांच्या धैर्याचें कौतुक झालें तेवढें या गृहस्थांचें झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आणि नुकसान भरून निघणें अवघडच. तीनशें निबंधांतील सर्वच खोटें असेल असें नाहीं. पण खरें कोणतें हें निबंध वाचून कळत नाहीं. हिमालयाच्या थरांचें वय त्या जीवाश्मांच्या आधारें ठरविणाऱ्यास त्या त्या घळींत पुन्हां जावें लागतें, दगड पुन्हां फोडावा लागतो, आणि चिठ्ठी नव्यानें लिहावी लागते.