अकराचा पाढा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण विमानात बसला आहात? हात वर करा पाहू! ज्यांचे हात खाली राहिले त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. माझाही हात खालीच आहे. मी छत्तीस वर्षांची आहे, दहा-बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते, नकाशावर बोट ठेवून अख्खं जग फिरवून आणते. पण स्वतः मात्र महाराष्ट्राच्या बाहेर फक्त एकदा, तेही सुरतपर्यंत, गेले आहे. यंदा मात्र दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं हाँगकाँगला जायचं ठरवलंय. डिस्नेलँड बघायला! जाऊन आल्यावर लिहायला पुष्कळ जण असतात. मी तुम्हांला जायच्या आधीची गोष्ट सांगणार आहे, कारण खरी मजा आणि खरी फजिती तिथेच झाली.

आमचं घर कशेळीला. ठाण्याहून भिवंडीकडे निघालात की बाळकुम सोडल्यावर खाडीवरचा पूल लागतो. पूल संपला की कशेळी. पुलावर ट्रकांची ही रांग! कारण कशेळी, काल्हेर, पूर्णा या सगळ्या पट्ट्यात गोदामंच गोदामं आहेत. मुलांचे बाबा अशाच एका गोदामात माल उतरवून घेण्याचा हिशेब ठेवतात. खेळणी, पंखे, बूट, मोबाइलची कव्हरं, काय म्हणाल ते खोक्यांतून येतं. माझ्या वर्गातला एक मुलगा एकदा म्हणाला, "बाई, हाँगकाँग मला माहितीये. आमच्या पप्पांच्या टेंपोतल्या खोक्यांवर लिहिलेलं असतं." त्या दिवशी भूगोलाचा तास असा काही रंगला म्हणता!

आता तुम्ही विचाराल, बाईंना या वयात पाळण्यात बसायची हौस कुठून आली? त्याचं असं झालं. मी सहावीत असताना आमच्या शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला निघाली. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालेलं. आता ते बंद झालंय, पण तेव्हा आम्हां मुलांना ते म्हणजे स्वर्ग वाटायचा. तिथे जायला खाडीतून लाँच होती. माझे वडील, अण्णा, भिवंडीत लूमवर कामाला होते. त्या महिन्यात लूम निम्मे दिवस बंद होते. मी सहलीची वर्गणी मागितलीच नाही. शाळेत सांगितलं, ताप येणार आहे. "येणार आहे" म्हणाले! बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. आता मी स्वतः सहलीची यादी करते तेव्हा ज्याचं नाव नसेल त्याला "का रे?" असं सगळ्यांसमोर कधी विचारत नाही.

तर मुलांना एक मोठं पार्क दाखवायचं हे माझ्या मनात पक्कं होतं. खोपोलीजवळचं इमॅजिका आम्ही पाहिलं होतं. तिथून परत येताना लेक म्हणाली, "आई, खराखुरा किल्ला असलेलं डिस्नेलँड किती लांब आहे गं?" मग आम्ही नकाशा काढला. आशियात तीन डिस्नेलँड आहेत. टोकियोचं १९८३चं, हाँगकाँगचं २००५चं आणि शांघायचं २०१६चं. त्यांतलं हाँगकाँगचं आकारानं लहान, म्हणजे एका दिवसात बघून होणारं. एक दिवस म्हणजे एकच तिकीट! शिवाय भारतीयांना हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत राहायला व्हिसा लागत नाही. २०१७पासून फक्त आगाऊ नोंदणी करावी लागते, ती संगणकावर होते आणि फुकट असते. त्या कामाचे कुणी पैसे मागितले तर समजा, आपण चुकीच्या दारात उभे आहोत. सिंगापूरला व्हिसाचा खर्च होता. मलेशियानं २०२३च्या डिसेंबरपासून आपल्याला व्हिसा माफ केला होता आणि तिथे जोहोरला लेगोलँडही आहे. धाकट्याचं मत तिकडे होतं. पण किल्ल्यापुढे ठोकळे हरले.

पैसे जमवायला तीन वर्षं लागली. दर महिन्याला सहा हजार रुपये बाजूला. सहा हजार गुणिले छत्तीस, करा बरं हिशेब! दोन लाख सोळा हजार. त्यातले एक लाखाच्या वर विमानालाच जाणार. उरलेल्यात सगळं बसवायचं. नवा फ्रीज राहिला. जुन्या फ्रीजचं दार आम्ही अजून रबरबँड लावून बंद करतो.

हिशेबाची वही लेकीकडे. हाँगकाँगचा डॉलर म्हणजे आपले साधारण अकरा रुपये, म्हणून आमच्या घरात सगळीकडे अकराचा पाढा सुरू झाला. अकरानं गुणायची एक युक्ती आहे, तुम्हांलाही सांगते. १७ ला ११ नं गुणायचंय? १ आणि ७ लांब लांब लिहा आणि मध्ये त्यांची बेरीज ठेवा. १८७! बेरीज दहा किंवा जास्त आली तर हातचा डावीकडे द्या. धाकटा रस्त्यात ट्रकचे नंबरसुद्धा अकरानं गुणायला लागला.

राहण्यासाठी नेथन रोडवरची चुंगकिंग मॅन्शन्स ही इमारत आम्ही निवडली. १९६१ साली बांधलेली ही सतरा मजली इमारत लहान लहान खोल्यांच्या स्वस्त लॉजनी भरलेली आहे. खाली भारतीय खानावळी आहेत. खोली एवढीशी की पिशवी ठेवली तर माणसानं पलंगावर चढून बसावं. पण आम्ही कशेळीच्या चाळीत राहिलेली माणसं, आम्हांला कसली अडचण! विमानतळावरून थेट तिथे ए-२१ नंबरची बस जाते, वेगवान रेल्वेपेक्षा पुष्कळ स्वस्त. तिथून डिस्नेलँडला शहरातली रेल्वेच नेते. दोनदा गाडी बदलायची. शेवटची गाडी सनी बे स्टेशनवरून सुटते आणि तिच्या खिडक्या मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या आहेत, धरायच्या कड्यासुद्धा. म्हणजे पार्कात शिरायच्या आधीच अर्धे पैसे वसूल! संध्याकाळी बंदरावर आठ वाजता दिव्यांचा खेळ असतो, तोही फुकट. बंदर ओलांडायला स्टार फेरी नावाची बोट आहे, शंभरहून जास्त वर्षं चालू असलेली; तिचं तिकीट किरकोळ आहे. गोराईची लाँच माझी राहिली होती. ही मी चुकवणार नाही.

इथपर्यंत सगळं झ्याक चाललं होतं. आम्ही मे महिन्यात जाणार होतो. आणि मग माझी चूक झाली.

पासपोर्टचा अर्ज मीच भरला. मोठ्यांना पंधराशे रुपये, मुलांना हजार, आणि धाकटा आठ वर्षांच्या आतला म्हणून त्याला शंभराची सूट. लेकीनं ते शंभर वहीत "फायदा" म्हणून लिहिले. ठाण्याला आमचा नंबर लागला आणि खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "याचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं आहे." पाहते तर जन्मदाखल्यावर इंग्रजीत एक अक्षर जास्त, आधारवर एक कमी! आधारचा फॉर्म भरताना ते अक्षर मीच गाळलं होतं. वर्गात शुद्धलेखनाचे गुण कापणारी मी! मुलांपुढे अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधार दुरुस्त करायचं, नवा नंबर लावायचा, पोलीस चौकशी, या सगळ्यात मे हुकला. (मी शिक्षिका असल्यामुळे परदेशी जायची खात्याची परवानगीही काढायची होती, ती कथा वेगळी.) मूळ अमेरिकेतलं डिस्नेलँडसुद्धा १७ जुलै १९५५ला उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी मोठा फज्जा उडाला होता. खोटी तिकिटं घेऊन हजारो लोक घुसले, नळांना पाणी पुरेना, नवा डांबरी रस्ता उन्हानं मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. हे मी मुलांना सांगून पाहिलं. लेक म्हणाली, "आई, पण त्यांचं स्पेलिंग बरोबर होतं."

तेव्हापासून पहिलीत दाखला करताना मी पालकांना समोर बसवून जन्मदाखल्यावरचं एक एक अक्षर वाचायला लावते. तुम्हीही आज घरी जाऊन आपलं नाव दाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरात सारखं आहे का ते बघा. आईबाबांना सांगा, बाईंनी सांगितलंय.

मेऐवजी दिवाळी ठरली. आणि मग वहीत एक नवीनच गोष्ट निघाली. डिस्नेलँडमध्ये लहान मुलांचं तिकीट तीन ते अकरा वर्षांच्या मुलांना मिळतं. लेक मे महिन्यात अकराची होती. सप्टेंबरात तिला बारावं वर्ष पूर्ण होणार! विमानातही बारा पूर्ण झाले की मोठ्यांचं तिकीट. पार्काच्याच तिकिटात साधारण १७० डॉलरचा फरक. १७० गुणिले ११. युक्ती तुम्हांला आता येतेच.

रात्री जेवताना तिनं हळूच विचारलं, "आई, मी अकराच सांगू का? मी दिसते तेवढीच."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "सांग की! कोण बघतंय? आम्ही एसटीत नाही सांगत?"

आता मी काय बोलणार? मला स्वतःला अण्णांनी वाड्याला जाताना एसटीत दोन वर्षं अकराचीच ठेवली होती. कंडक्टर आला की मी अंग चोरून बसायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "कितवीत गं?" आणि मी खरं ते सांगून मोकळी झाले, "आठवीत!" अख्खी गाडी हसली. अण्णांनी मुकाट्यानं उरलेले पैसे दिले. घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. रागानं नव्हे, लाजेनं. ते पैसे त्यांच्याकडे खरंच मोजके होते हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

खरं सांगू का, क्षणभर मलाही वाटलं, सांगावं अकरा. चूक माझी, आणि भुर्दंड तिला? पण धाकटा भातात बोट फिरवत म्हणाला, "पासपोर्टवर तारीख लिहिलीये ना! तायडे, तू अकरा म्हणालीस तर तो पासपोर्ट बारा म्हणेल." सगळे हसलो. पण मला बरं वाटलं ते वेगळ्याच कारणानं. एसटीतल्यासारखं अंग चोरून माझ्या लेकीनं त्या किल्ल्याच्या दारात उभं राहावं असं मला नको होतं. मी म्हटलं, "बारा. आणि हा खर्च वहीत माझ्या नावावर लिही." तिनं लिहिला. "आईची चूक" असा वेगळा रकानाच केला, तुम्हांला सांगते!

पैसे कुठून काढायचे, तर तिनं खेळण्यांच्या दुकानासाठी ठेवलेली रक्कम खोडली. मिकीचे कान असलेला हेअरबँड तिला हवा होता. ती म्हणाली, "तसले बाबांच्या गोदामात खोकं भरून येतात." बाबा म्हणाले, "येतात, पण ते विकायचे असतात." तो रकाना अजून रिकामा आहे. मी तिला न सांगता भिशीतून काही करता येतं का ते बघते आहे. हा अंक घरी येईल तेव्हा तिनं हे पान वाचू नये म्हणजे झालं.

सासूबाई मात्र येत नाहीत. ज्येष्ठांना पार्काचं तिकीट अगदी कमी पैशांत मिळतं हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "मग मला एकटीलाच पाठवा!" पण विमानाचं तिकीट काही वय बघून उतरत नाही. पाचवं तिकीट आमच्या वहीत बसलं नाही. त्या दहा दिवस नणंदेकडे शहापूरला राहतील. प्रवासासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून द्यायचं त्यांनी कबूल केलंय, पण कोणत्या दिवशी करायची यावर अजून वाद चालू आहे.

आता राहिला धाकटा. तिथल्या काही पाळण्यांना उंचीची अट आहे. ग्रिझली डोंगरातून धावणाऱ्या आगगाडीला ११२ सेंटिमीटर, ती त्यानं केव्हाच पार केली. पण आरसी रेसर नावाची एक मोटार इंग्रजी यू अक्षरासारख्या उंच रुळांवर पुढेमागे झोके घेते. तिला १२० लागतात. मेमध्ये तो ११७ होता. मे हुकला याचा आनंद घरात फक्त त्यालाच झालाय. स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि दर रविवारी नवी रेघ. तो रोज न सांगता दूध पितो, पंख्याच्या हुकाला दोरी बांधून लोंबकळायचा बेतही एकदा आम्ही हाणून पाडला.

निघायला अजून पाच आठवडे आहेत. आज सकाळी मोजलं. टाचा भिंतीला, मान सरळ, श्वास रोखलेला. मी पट्टी डोक्यावर आडवी धरली आणि रेघ ओढली. एकशे साडेअठरा.

"आई," तो न हलता म्हणाला, "त्यात केस धरलेस का?"