पानकोबीचे तांबडेपण

कौंडण्यपूर म्हटले की रुक्मिणीचे माहेर आणि आषाढीला पंढरपुरी जाणारी तिची पालखी एवढेच बहुतेकांना स्मरते; परंतु वर्धेकाठच्या या गावी परसबाग करणाऱ्याची गाठ प्रथम पडते ती खापरांशी. डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी १९६० नंतरच्या दशकात जिचे उत्खनन केले, त्या जुन्या पांढरीला लागूनच माझे परस असल्यामुळे वीतभर खणले की राख, चुनखडी आणि फुटक्या मडक्यांचे काठ वर येतात. ते वेचून, शेणखत मिसळून, पाणी तुंबू नये म्हणून गादीवाफे उंच घेतल्यावरच माझ्या लाल पानकोबीचा हंगाम सुरू होतो.

बी मोहरीएवढे. दसऱ्याला पेरले की चार-पाच दिवसांत वर येणाऱ्या कोंबाचा दांडाच जांभळा असतो. महिन्याची रोपे दीड-दीड फुटांवर लावून कडेने मोहरीची ओळ धरावी, म्हणजे कोबीवरच्या पतंगाची अंडी बरीचशी तिच्यावर पडतात. हा बंदोबस्त मला फवाऱ्याहून अधिक इतबाराचा वाटतो. हिरवी पानकोबी अडीच महिन्यांत हाती येते, हिला साडेतीनाची मुदत द्यावी लागते, आणि खरा रंग पौषातल्या थंडीवाचून चढत नाही. पहाटे पानावरच्या राखी मेणावर दवाचा थेंब पाऱ्यासारखा थरथरतो आणि त्याच्याखालची शीर तेवढी गडद दिसते. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी कुंपणावरूनच विचारले होते, “काहून जी गुरुजी, कोबीले इख चढलं का?”

मागल्या माघात आठ दिवस परगावी राहून परतलो आणि सुकलेले वाफे पाहून, अपराध्याच्या घाईने, पाटभर पाणी सोडले. तिसऱ्या दिवशी तीन गड्डे तडकले. आतली पाने पाण्याने फुगतात, वरची ताठ झालेली ताणत नाहीत, हे ठाऊक असूनही हात आवरला नाही. आता गड्डा भरला की रोप बुंध्याशी धरून पाव फेरा पिळतो. थोडी मुळे तुटतात, त्याची तहान उतरते.

ते तडकलेले गड्डे त्याच सायंकाळी विहिरीच्या पाण्यात शिजले, आणि आमच्या पाण्यातल्या चुन्याने भाजी शाईसारखी निळी झाली. सौभाग्यवतींनी काही न बोलता अर्धे लिंबू पिळले. जिथे रस पडला तिथून कढई तांबडी होत गेली. तरी ती निळी भाजी कोणी विसरले नाही. पुढे ही कोबी शिजवायची नाही, कोशिंबीरच करायची, असा निकाल स्वयंपाकघराच्या दफ्तरी दाखल झाला आहे.