हरळीचे दुखणे

हरळीला रोग होतो असे कोणी सांगितले, तर आमच्या राणीसावरगावच्या पारावरची मंडळी हसतील. गंगाखेड तालुक्यातल्या या काळ्या जमिनीत शेतकऱ्याने जिच्याशी जन्मभर वैर धरले, ती ही हरळी. नांगराने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या पेऱ्याला पुन्हा मूळ फुटते. म्हणून तिला कुदळीने खणून, वेचून, बांधावर उन्हात वाळत टाकावी लागते. तीच दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर चढते, ही गोष्ट निराळी. देवाला प्रिय आणि कुणब्याला नकोशी, असे भाग्य दुसऱ्या कोणत्या गवताला लाभले असेल असे मला वाटत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंनी, आमच्या दादांनी, अशी हरळी चाळीस वर्षे खणून काढली. मग गुडघे गेले, शेत बटाईने दिले आणि दादा माझ्याकडे राहावयास आले. रिकामे बसणे त्यांना ठाऊक नव्हते. घरासमोर तीन-चार खाटा मावतील एवढी जागा मोकळी होती. तेथे आपोआप उगवलेली हरळी त्यांनी उपटली नाही. उलट तिच्या कडेने विटा लावल्या, खडे वेचले आणि तिला पाणी घातले. जिच्याशी भांडण्यात सारी उमेद गेली, तिच्याच संगतीत म्हातारपण काढावे असे त्यांना का वाटले, हे मी विचारले नाही. काही गोष्टी विचारावयाच्या नसतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या साली बांधावरची हरळी जळून काडी-काडी झाली होती. पण मृगाच्या पावसाबरोबर ती पुन्हा हिरवी झाली. तिचा जीव पानात नसतोच. तो जमिनीखालच्या कांड्यांत दडून असतो. दुष्काळाला जी अशी पुरून उरली, ती अंगणातली हरळी गेल्या भाद्रपदात, पाण्याची कसलीही ददात नसताना, आजारी पडली.

प्रथम ताटाएवढा एक तपकिरी डाग दिसला. आठवड्यात त्याचे तीन झाले. “बापू, हिला पाणी कमी पडायलंय,” दादा म्हणाले, आणि संध्याकाळच्या दोन बादल्यांच्या चार झाल्या. वर मूठभर युरियाही पडला. डाग वाढतच गेले. मग कोणी हितचिंतकाने तीन बाटल्या आणून दिल्या: एक किडीची, एक बुरशीची आणि एक टॉनिकची. तिन्ही एकत्र करून फवारा, म्हणजे जे असेल ते जाईल, असा त्याचा सल्ला होता. ‘जे असेल ते’ हे उत्तर मी वर्गात कधी मान्य केलेले नाही. बाटल्या फळीवर ठेवल्या आणि आम्ही दोघे भाऊ पहाटे उठून गवत पाहू लागलो.

गवताच्या दुखण्यात सोंगे फार. तहानलेले गवत निळसर, मलूल होते, पाती मिटून घेते आणि त्यावर उमटलेले पाऊल बराच वेळ तसेच राहते. पण पाणी दिले की दुसऱ्या दिवशी ते ताजे होते. हुमणी लागली असेल तर मुळे खाल्लेली असतात, म्हणून गवत ओढताच गोधडीसारखे उचलून हाती येते. कुत्र्याने मुतलेल्या जागी मध्ये गवत जळते आणि भोवती गर्द हिरवे कडे उठते. आमच्या डागांत यांतले काहीच नव्हते. गवत ओढून निघत नव्हते, पाण्याने सुधारत नव्हते. आणि डागाच्या कडेला, ऊन पडण्यापूर्वी, काळपट धुरकट कडे दिसत होते. पात्यांच्या बुडाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते. कोळ्याचे जाळे पात्यांच्या शेंड्यांवर सपाट ताणलेले असते. हे धागे कापसासारखे आत गुंतलेले होते, आणि दव वाळताच दिसेनासे झाले. ही बुरशी, शास्त्रज्ञ तिला ऱ्हायझोक्टोनिया म्हणतात. उबदार दमट हवा, रात्रभर ओले पान आणि नत्राने माजलेली कोवळी वाढ, ही तिची आवडती मेजवानी.

म्हणजे रोगाचे नाव बुरशी, पण तिला पाट मांडून बसवले होते ते संध्याकाळच्या चार बादल्यांनी. हे दादांना सांगावे कसे? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आईच्या मागे सुकडीसाठी उभे राहिलेले ते पोर. “पाण्यानं कुठं गवत मरतंय का?” या त्यांच्या प्रश्नात सारा मराठवाडा बोलत होता. ज्याने जन्मभर पाण्याची वाट पाहिली, त्याला पाणी जास्त झाले हे ऐकू येत नाही. टंचाईत वाढलेल्या माणसाची माया अशीच असते: हाती येईल तेवढे सगळे देऊन टाकणारी. हातचे राखून देणे म्हणजे तिला कंजुषी वाटते.

मी ज्वारीचा विषय काढला. ज्वारी तरी काय, गवताच्याच कुळातली. “दादा, काणी लागलेल्या कणसाला तुम्ही काय औषध करत होता?” दादा हसले. “कणसाला कशाचं औषध? पेरायच्या आधी बियाण्याला गंधक चोळायचं.” किलोला चार ग्रॅम गंधक, तेवढ्याने दाणे काणी थांबते. एकदा कणसात काळी भुकटी भरली की सोन्याचे औषध आणले तरी दाणा परत येत नाही. पुढचे मला सांगावे लागले नाही. थोडा वेळ डागाकडे पाहून दादांनी बादली उचलली आणि विहिरीच्या कडेला पालथी घातली.

उपचार म्हटला तर अगदी साधा. पाणी पहाटे द्यायचे, म्हणजे दिवसा पान वाळते. आणि रोज शिंपडण्यापेक्षा जमीन मागेल तेव्हा मुळापर्यंत भरपूर. युरिया बंद. दव खराट्याने झाडून टाकायचे. विळा धारेचा, आणि एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापायचे नाही. गवत ओले असताना मुळीच नाही. रोगट कापणी लांब टाकायची, बुडाशी साठलेला वाळका थर खरवडून काढायचा. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पहारीने भोके पाडून त्यांत वाळू भरायची. बुरशीचे औषध सर्वांत शेवटी. ते पुष्कळदा नव्या पानाचे रक्षण करते. मेलेले पान उठवीत नाही. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले. ते आठवले म्हणजे ‘जे असेल ते’ म्हणून तीन बाटल्या एकत्र करणाऱ्याच्या हाताला कंप सुटावा. १९७२ सालीच परभणीला निघालेल्या कृषी विद्यापीठात आज बायोमिक्स नावाचे उपयुक्त जिवाणू-बुरशींचे मिश्रण मिळते. हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी लोक ते आणतात. बुरशीवर बुरशीच सोडायची, हा विचार दादांना फार आवडला.

मात्र सगळ्याच बुरशा अतिरेकाच्या नसतात. रुपयाएवढे फिक्कट डाग पाडणारी एक आहे. इंग्लंडमध्ये बेनेट यांनी १९३७ साली तिचे वर्णन केले आणि २०१८ साली शास्त्रज्ञांनी तिला क्लॅरिरीडिया हे नवे कुलनाम दिले. ती उपाशी, नत्र कमी पडलेल्या गवतावर चढते. तांबेराही खुंटलेल्या, सावलीतल्या गवतावरच. त्यातून चालत गेले की धोतराच्या काठाला नारिंगी भुकटी लागते. तेथे मूठभर खत हेच औषध. एकाला देणे आवरायचे, दुसऱ्याला हात सैल सोडायचा. आणि कोणाला काय, हे सांगणारी बाटली कोणत्याच दुकानात मिळत नाही. त्यासाठी पहाटे उठून वाकून पाहावे लागते.

दसऱ्यापर्यंत डागांच्या कडा थांबल्या. मधली टकले मात्र राहिली. एके दिवशी बटाईदार हिशेबाला आला, तेव्हा दादांनी त्याला बाजूला घेऊन हळूच काहीतरी सांगितले. दुसऱ्या दिवशी तो पोतेभर हरळी घेऊन आला. आमच्याच शेतातली, खणून बांधावर टाकलेली. “हिचं काय करणार, दादा?” त्याने विचारले. दादा उत्तर न देता एकेक कांडी निवडीत, टकलांवर बोटाने भोक पाडून ती लावीत बसले. मग तांब्यातले पाणी त्यांनी ओंजळीने घातले. एकेका कांडीला एक ओंजळ, आणि तांब्या उरलेल्या पाण्यासकट बाजूला ठेवला.