नावामागचे गाव

गेल्या दिवाळीत मुलांचे किल्ले अजून मोडले नव्हते, तोच अश्दोदहून पत्र आले. अक्षर पोरसवदा, मराठी थोडे अडखळणारे, पण मायना अस्सल : "ती. मामांस सा. न. वि. वि." खाली खुलासा होता, "आजी सांगते तसे लिहितो आहे."

ही आजी म्हणजे आमच्या भायखळ्याच्या चाळीतल्या, खालच्या मजल्यावरच्या मावशी. बेने इस्राएल. १९९१ साली मुलांपाठोपाठ इस्राएलला गेल्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. पत्रात मागणे एकच होते : "माझ्या आईचे नाव शोधून दे."

मावशी अडीच वर्षांच्या असताना आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले, आजोळ तुटले आणि पुढे प्रत्येक कागदावर सावत्र आईचे नाव लागले. वडिलांकडचे केतुबा, म्हणजे ज्यात वधूचे आणि तिच्या पित्याचे नाव लिहितात तो विवाहाचा करार, एका पावसाळ्यात भिजून गेला. आता आईच्या नावाने दिवा लावायचा, प्रार्थनेत ते नाव घ्यायचे, तर घ्यायचे कोणते? नातवाने जेरुसलेममधल्या यहुद्यांच्या मोठ्या दफ्तरखान्यातही विचारले होते. पण कोकणातली एक बाळंतीण तिथे कशी सापडावी!

मला वाटले, काम सोपे आहे. या समाजाची आडनावे म्हणजे कुलाब्याचा नकाशाच. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, दिवे आगरचे दिवेकर. मुंबईत १७९६ साली या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल. जुन्या कागदांत सॅम्युएल शोधणाऱ्याला सामाजी भेटतो, तो असा. मावशींच्या वडिलांचे आडनाव पेणकर. तेव्हा एस.टी.ने तडक पेण गाठले. कबरस्तानातल्या गवतात दोन तास घातले. पेणकर पुष्कळ भेटले. हवी ती बाई भेटली नाही.

दुसरी खेप अलिबागची, आणि तिथे माझी मास्तरकी उघडी पडली. कॉलेजला सुट्टी म्हणून मी नेमका शनिवार गाठला! ज्या लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून सारे कोकण 'शनवार तेली' म्हणत आले, त्यांच्याकडे मी शनिवारी वही-पेन्सिल घेऊन उभा. इस्राएल आळीतले मागेन अबोथ हे मंदिर १८४८ सालचे, १९१० साली पुन्हा बांधलेले. तिथून बाहेर पडणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माझी वही पाहिली आणि हसून म्हणाले, "आज लिहिणं नाही. घरी चला, कालचा चहा थर्मासमध्ये आहे."

चहा पिता पिता त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली. म्हणाले, "मास्तर, आडनाव बापाचं. तुम्ही बापाच्या गावात आईला शोधता आहात. बाई बाळंतपणाला कुठे जाते?"

"माहेरी."

"मग मुलीचा जन्म कुठला ते आधी पाहा. शाळेत लिहिलेलं असतं."

इतकी वर्षे मी वर्गात स्त्रीगीतांतले माहेर शिकवतो आहे, आणि हे मला दुसऱ्याने सांगावे लागले.

मावशी शिकल्या त्या माझगावच्या शाळेत. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर आणि मंडळींनी 'इस्राएलाईट स्कूल' म्हणून सुरू केलेली ती शाळा आज सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाते. जनरल रजिस्टरात मावशींचे नाव निघाले, वडिलांचे निघाले. आईच्या नावाला रकानाच नव्हता. पण 'जन्मस्थळ' या रकान्यात निळ्या शाईत एक शब्द होता : रेवदंडा.

जन्ममृत्यूची नोंद सक्तीची करणारा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या काळासाठी खेड्यापाड्यांत आधार कोतवाल बुकाचा. तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. कारकुनाने विचारले, "मोडी येतं?" येते म्हटल्यावर त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतःकडचे दोन कागदही वाचून घेतले. रेवदंड्याची पाने उलटता उलटता जानेवारी १९४३ च्या मृत्यूंत मावशींच्या वडिलांचे नाव दिसले. काळजात धस्स झाले. पुढे लिहिले होते, "याची बायको. वय २३. बाळंतरोग."

याची बायको! मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ज्याने लिहिले त्याला तरी दोष काय द्यायचा? विचारले असते तर सांगणाऱ्यानेही कदाचित एवढेच सांगितले असते. पण तारीख हाती आली होती.

रेवदंड्याच्या कबरस्तानात जाताना खिशात एक चिठ्ठी होती. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. तव म्हणजे चारशे, शिन तीनशे, गिमेल तीन. वरचे पाच हजार बहुधा गृहीतच धरतात. यहुदी सन ५७०३ म्हणजे आपले १९४२-४३. त्यांचे वर्ष भाद्रपद-आश्विनात पालटते. जानेवारीतल्या मरणाला आकड्यातून ३७६० वजा केले की झाले. तीन अक्षरे चिठ्ठीवर काढून, पोरे चित्र जुळवतात तसा मी दगडामागून दगड पाहत होतो.

अकरावा दगड निम्मा मातीत होता. वर हिब्रू, आणि खाली शेवाळ्याखाली मराठी. बाटलीतले पाणी ओतले, रुमालाने चोळले. पतीचे नाव होते, बापाचे होते आणि पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत, तिचे स्वतःचे. सासरचे, आणि शेजारी माहेरचेही. ती दोन्ही नावे मी इथे लिहीत नाही. ऐंशी वर्षे ज्यांनी वाट पाहिली, त्यांची ती आहेत.

तिथूनच फोन लावला. नातवाने छायाचित्र आजीपुढे धरले असावे. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग मावशींनी ते नाव उच्चारले, आधी माहेरचे, मग सासरचे.

"कबरीवर सावली आहे का रे?"

"उंडीचं झाड आहे, मावशी."

"मग पानं पडत असतील. तेवढी झाडून ये."