उरलेले

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतील घराघरांत टर्की भाजली जाते. १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी राष्ट्रीय कृतज्ञतादिनाची घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. गोठवलेला ७ किलोंचा पक्षी शीतकपाटात सैल व्हायलाच ३-४ दिवस लागतात. भट्टीत छातीचे मांस लवकर शिजते, मांडीचे उशिरा. एक कोरडे पडू न देता दुसरे शिजवणे, हीच रांधणाऱ्याची कसोटी. आतली उष्णता ७४ अंश सेल्सिअसला पोचली की पक्षी बाहेर निघतो.

एवढा पक्षी एकट्यासाठी भाजता येत नाही. तो माणसे गृहीत धरतो. मुले दूरच्या शहरांत स्थिरावली, जोडीदार गेला, तरी एखादी वृद्धा त्याच वजनाचा पक्षी आणते. लहान आणणे म्हणजे कुणी येणार नाही, हे दुकानातच कबूल करणे. मग दरवर्षी पंगत आखडते आणि उरलेले वाढते.

पाहुणे पांगल्यावर ती हाडांवरचे मांस सोडवते. दोन तासांच्या आत ते शीतकपाटात जायला हवे आणि ३-४ दिवसांत संपायलाही. उद्या ते क्रॅनबेरीच्या चटणीसह पावात जाईल. सांगाडा मोडून कांदा, गाजर, सेलरीबरोबर मंद आचेवर चढतो. खिडकीच्या काचांवर वाफ धरते. गाळलेले सूप ती डब्यांत गोठवते, प्रत्येकावर तारीख लिहिते. जानेवारीच्या थंडीत एकटीच्या जेवणासाठी त्यातला एक डबा निघतो. बाकीचे, कुणी अचानक आलेच तर, म्हणून तसेच राहतात.