कितवी स्टेज?

घरात कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं, की भारतातून येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न हमखास एकच असतो, "कितवी स्टेज?" ह्यांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा सांगलीच्या जाऊबाईंपासून पुण्याच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोलोनोस्कोपीत गाठ दिसली होती, बायॉप्सी झाली होती, छाती-पोटाचा सीटी स्कॅनही झाला होता. तरी सर्जन म्हणाले, "नक्की स्टेज ऑपरेशननंतरच सांगता येईल." तिकडे सगळ्यांना वाटलं, डॉक्टर काहीतरी लपवताहेत!

ते काही लपवत नव्हते. मंडळी, गाठ केवढी यावर ही स्टेज ठरत नाही. ती किती खोल आणि कुठवर पोचली यावर ठरते. त्यासाठी टी, एन आणि एम अशी तीन अक्षरं वापरतात. टी म्हणजे खोली. आतड्याच्या भिंतीला थर असतात. गाठ अस्तराखालच्या थरापर्यंत असेल तर टी १, स्नायूत शिरली तर टी २, स्नायू ओलांडला तर टी ३, आणि बाहेरचं आवरण फोडून आरपार किंवा शेजारच्या अवयवात गेली तर टी ४. एन म्हणजे आसपासच्या लसिकाग्रंथी. त्यांतल्या किती ग्रंथींत कॅन्सर सापडला, ते. एम म्हणजे यकृत किंवा फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात तो गेला आहे का, ते.

दूरचं बरंचसं स्कॅनमध्ये दिसतं. ग्रंथींचं मात्र तसं नाही. लहानशा ग्रंथीत कॅन्सर दडलेला असू शकतो आणि सुजलेली ग्रंथी निर्दोष निघू शकते. म्हणून काढलेला आतड्याचा भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. त्यांनी निदान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे, कारण कमी तपासल्या तर दोषी ग्रंथी नजरेतून सुटू शकते.

मग हिशेब सोपा. ग्रंथी स्वच्छ आणि टी १ किंवा २, तर पहिली स्टेज. ग्रंथी स्वच्छ पण टी ३ किंवा ४, तर दुसरी. ग्रंथींत शिरकाव म्हणजे तिसरी. दूरच्या अवयवात गेला तर चौथी. या विचाराची एक जुनी पायरी इथे लंडनमध्येच रचली गेली. सेंट मार्क्स हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कॅन्सरचं ए, बी, सी असं वर्गीकरण मांडलं. आपलं महाराष्ट्र मंडळ लंडनही त्याच सालचं!

ह्यांच्या रिपोर्टमध्ये १९ ग्रंथी तपासल्या होत्या, दोनांत कॅन्सर होता. म्हणजे तिसरी स्टेज. फोनवर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, चारातली तिसरी?" आणि गप्प झाले. मी त्यांना समजावलं, की भाऊजी, ही काही रेल्वेची स्टेशनं नव्हेत, की पुढचं चौथं आणि मग गाडी संपली. पुढे आजार उलटला तरी निदानाच्या वेळची स्टेज बदलत नाही. डॉक्टरांच्या लेखी 'तिसरी' म्हणजे नुसतं ऑपरेशन पुरेसं नाही, केमोथेरपीही हवी. ह्यांना ती तीन महिने दिली. त्या औषधाने गार वस्तूला हात लागला की मुंग्या येत, म्हणून फ्रिजमधलं दूध काढायचं काम माझ्याकडे आलं. आता तिसरं वर्ष चालू आहे. रक्ताची सीईए तपासणी जवळ आली की दोघांचीही झोप उडते, पण सकाळचा फिरायला जायचा नेम चुकलेला नाही.

कुणावर ही वेळ आलीच, तर 'कितवी?' एवढ्यावर थांबू नका. किती ग्रंथी तपासल्या, किती दोषी निघाल्या आणि त्यामुळे उपचारात काय बदलेल, हे विचारा.

आणि एक सांगते. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी शौचाच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. ह्यांचा आजार त्यातूनच कळला. त्रास काहीच नव्हता. आपल्याकडे ते पाकीट 'शी, कोण करणार!' म्हणून ड्रॉवरमध्ये पडून राहतं. तुमच्या घरी असेल तर आजच काढा.