वडूजची वाट आणि हवेचा प्रश्न

साताऱ्याहून कोरेगांव-पुसेगांवच्या वाटेनें वडुजास जातां डोंगर हळूहळू मागें सरतात आणि खटावचा उघडा, पर्जन्यास आंचवलेला मुलूख लागतो. आम्ही उतरलों तेव्हां वारा कोरडा पण सुखद होता. बसस्थानकाबाहेर मात्र त्यांत रस्त्याच्या कडेची धूळ आणि उभ्या जागीं घुरघुरणाऱ्या गाड्यांचा धूर मिसळला होता.

गांवाजवळून वाहणारी येरळा पुढें सांगली जिल्ह्यांत कृष्णेस मिळते. सांगलीचें नांव पुणें, कोल्हापूर व सोलापूर यांच्याबरोबर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादींत आलें, वडुजाचें नाहीं. परंतु यादींत नांव नसणें म्हणजे हवा निर्मळ असणें नव्हे, आणि घरांतील दमेकरी आजोबांस त्या यादीचा उपयोग तो काय!

वडुजाचा लौकिक पायीं चालणाऱ्यांनीं मिळविलेला आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं येथील कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला व परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. भोंवतालच्या खेड्यांतून माणसें चालत आलीं होतीं. आज शाळा, बाजार, कचेरी हाकेच्या अंतरावर असूनही कित्येकांचें पाऊल दुचाकीवांचून उचलत नाहीं.

एके काळच्या सायकलींच्या पुण्यानें २००६ सालीं कात्रज-हडपसर मार्गावर बसकरितां स्वतंत्र मार्गिका आंखली. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरानें २००० सालापासून हा प्रकार चालवून दाखविला होता. त्यांतील मर्म असें कीं, गाडी वारंवार थांबून पुन्हां वेग घेते तेव्हां इंधन अधिक जळतें. बस न अडखळतां वेळेवर आली तर चाळीस-पन्नास माणसांचें काम एका इंजिनावर भागतें. पुण्यांत मात्र पदपथ व थांबे यांकडे मार्गिकेइतकें लक्ष गेलें नाहीं, असें आमचें मत आहे. मार्ग आंखणें सोपें, तो मोकळा राखणें कठीण.

विजेची गाडी आली कीं सारें भागलें, असें मानणारेही पुष्कळ. १ जून १९४८ रोजीं एसटीची पहिली बस ज्या पुणें-नगर मार्गावर धांवली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं विजेवरील ‘शिवाई’ सुरू झाली, हें कौतुकाचेंच. तथापि धूर गेला तरी चाकांनीं उडणारी धूळ राहतेच, आणि ह्या कोरड्या मुलुखांत ती विशेष. नगरपंचायतीनें रस्त्याच्या कडा बांधून काढून स्थानकापासून शाळेपर्यंत एक सलग, सावलीचा पदपथ केला, तर मुलें पायीं जाऊं लागतील आणि शाळेच्या दाराशीं सकाळीं दाटणारी दुचाकींची गर्दी तेवढी विरळ होईल.